अँप्लिफायरला वेगळी लाईन हवीच का?



ज्येष्ठ महिना लागला की आमच्या वरवंडला पालखीचे वेध लागतात. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी यवतचा मुक्काम करून वरवंडला येते. एक रात्र विसावते आणि दुसऱ्या दिवशी पाटसवरून, रोटी घाट चढून, उंडवडी गवळ्याचीकडे निघते. त्या एका रात्रीसाठी गावातल्या बाया आठ-आठ दिवस आधीपासून कामाला लागतात. कुणी भाकरी वाटून घेतं, कुणी पाणी, कुणी झोपायची सोय. आमच्या गटाकडे भाकरी असतात आणि संध्याकाळचं भजन असतं.

भजनासाठी गटाने अँप्लिफायर घेतला आहे. १६० वॅटचा, दोन माईक आणि दोन भोंग्यांसकट. तो आमच्या आक्कांच्या घरी ठेवलेला असतो, कारण त्यांची माजघराची खोली मोठी आहे. त्याच घराच्या मागच्या पडवीत गटाची घरघंटी आहे, एक हॉर्सपॉवरची. म्हणजे गटाचं पीठ आणि गटाचं भजन एकाच घरात.

मागच्या वर्षी पालखीच्या आधी आमची तालीम चालली होती. अँप्लिफायर सुरू केला की भोंग्यातून सारखा ‘हूंऽऽ’ असा आवाज यायचा. पडवीत घरघंटी सुरू झाली की भजनाचा आवाज एकदम बसायचा आणि दिवा मिणमिणायचा. एवढ्यावर भागलं असतं तर हरकत नव्हती. पण एका संध्याकाळी आमच्या हिशेबनीस ताई भाकरीचं पीठ मळून, हात धुऊन, तशाच ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने माईक धरायला आल्या. माईक हातात घेतला आणि किंचाळून फेकून दिला. हाताला खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. दैव बलवत्तर म्हणून माईक हातातून सुटला.

दुसऱ्या दिवशी एका वायरमनभाऊंना बोलावलं. त्यांनी अँप्लिफायर बघितला, बोर्ड बघितला आणि सांगितलं, “याला मीटरपासून वेगळी लाईन टाका. चार चौरस मिलिमीटरची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी. सगळं मिळून साडेसहा हजार.” आमचा बारा जणींचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत. म्हणजे पाच महिन्यांहून जास्तीची बचत एका वायरीत जाणार. बैठकीत दोन तट पडले. निम्म्या म्हणाल्या, जीवापेक्षा पैसा मोठा नाही, टाकून टाका. निम्म्या म्हणाल्या, आधी नीट विचारा. शेवटी ठरलं की परवाना असलेल्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवायचं आणि मगच पैसे काढायचे. त्या चौकशीत जे कळलं, ते आज तुम्हाला सांगते. कारण आता जवळजवळ प्रत्येक गावात भजनी मंडळाकडे, गटाकडे, नाहीतर घरातल्या पोरांकडे अँप्लिफायर असतोच.

अँप्लिफायर खातो किती?

आधी साधा हिशेब करू. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते. कुठलंही यंत्र किती अँपिअर ओढतं हे काढायचं असेल तर त्याचे वॅट घ्यायचे आणि २३० ने भागायचे. एवढंच गणित.

१६० वॅटचा अँप्लिफायर म्हणजे तो भोंग्याला १६० वॅट देतो. स्वतः तापण्यात त्याची आणखी वीज जाते. म्हणून पूर्ण आवाजात तो लाईनीतून साधारण ३०० वॅट घेतो. ३०० भागिले २३०, म्हणजे १.३ अँपिअर. तेही पूर्ण आवाजात. भजनात आवाज चढतो, उतरतो, मध्ये थांबतो. त्यामुळे सरासरी याहून बरीच कमी निघते.

आता घरातल्या बाकीच्या वस्तू बघा. ५०० वॅटचा मिक्सर २.२ अँपिअर घेतो. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर. २००० वॅटचा गिझर किंवा इंडक्शन शेगडी जवळजवळ ८.७ अँपिअर. म्हणजे ज्या अँप्लिफायरसाठी आम्ही साडेसहा हजार काढायला निघालो होतो, तो मिक्सरपेक्षा कमी वीज खातो! मिक्सरसाठी कुणी मीटरपासून वेगळी लाईन टाकत नाही.

घराचं वायरिंग करताना जुना नियम असा की दिवे-पंख्यांच्या एका लाईनीवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॅटपेक्षा जास्त भार घ्यायचा नाही. जास्त भाराच्या वस्तूंसाठी पॉवरची लाईन वेगळी असते, तिच्यावर दोनच सॉकेट आणि ३००० वॅटपर्यंत भार. या हिशेबात ३०० वॅटचा अँप्लिफायर दिव्याच्या लाईनीवरही बसतो, फक्त त्या लाईनीवर दुसरं जड काही नको.

बाजारात डब्यावर मोठमोठे आकडे छापलेले असतात, दोन हजार, पाच हजार पीएमपीओ. त्याला घाबरू नका आणि भुलूही नका. पीएमपीओ हा क्षणभराचा, फुगवलेला आकडा असतो. खरा आकडा आरएमएस. आणि वीज किती ओढणार हे बघायचं तर यंत्राच्या पाठीवरची पट्टी वाचा, तिथे वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात.

मग ‘वेगळी लाईन टाका’ हे आलं कुठून?

पोरं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघतात. अमेरिकेत घरात १२० व्होल्टची वीज असते. व्होल्ट निम्मे असले की तेवढ्याच वॅटसाठी अँपिअर दुप्पट लागतात. आपल्याकडे १.३ अँपिअर घेणारा अँप्लिफायर तिकडे अडीच अँपिअर घेईल. शिवाय तिकडच्या हौशी लोकांकडे हजार-दोन हजार वॅटचे अँप्लिफायर असतात आणि तिकडची साधी लाईन १५ अँपिअरची, म्हणजे १८०० वॅटची. त्यांना वेगळी लाईन लागू शकते. तिकडचा सल्ला जसाच्या तसा वरवंडला आणला की आपले पैसे जातात.

आवाज बसतो कशाने?

दुसरे इलेक्ट्रिशियनभाऊ आले तेव्हा त्यांनी अँप्लिफायरला हातही लावला नाही. आधी पडवीत जाऊन घरघंटी सुरू करायला सांगितली आणि दिव्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “ताई, दुखणं अँप्लिफायरचं नाही, घरघंटीचं आहे.”

मोटार चालू असताना जेवढी वीज घेते, त्याच्या पाच-सहा पट वीज ती सुरू होताना ओढते. आपल्या रोटी घाटाची गोष्ट घ्या. सपाट रस्त्यावर पालखीचा रथ एक बैलजोडी ओढते, पण घाटाला लागलं की जादा जोड्या लावाव्या लागतात. मोटारीचं पहिलं फिरणं म्हणजे घाट. एक हॉर्सपॉवरची घरघंटी चालताना सहा-सात अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर ३० अँपिअरपर्यंत ओढते.

आक्कांच्या घरात मीटर पुढच्या दाराशी आणि घरघंटी मागच्या पडवीत. मधल्या माजघरातून एकच बारीक वायर, एक चौरस मिलिमीटरची, वीस मीटर लांब. त्याच वायरीवर अँप्लिफायर, दिवे, पंखा आणि घरघंटी. अशा वायरीचा जाऊन-येऊन अडथळा पाऊण ओहमच्या आसपास भरतो. त्यातून अँप्लिफायरचे १.३ अँपिअर गेले तर एक व्होल्टही कमी होत नाही. घरघंटीचे ३० अँपिअर गेले की वीस-बावीस व्होल्ट तिथेच खाली येतात. म्हणून दिवा मिणमिणायचा आणि भजन बसायचं.

शेतीतल्या बायकांना हे लगेच कळेल. एकाच चारीवर वरच्या अंगाला कुणी मोठं दार उघडलं की खालच्याच्या सरीत पाणी येत नाही. अशा वेळी खालच्या चार वाफ्यांसाठी नवी चारी खणत नाहीत. मोठ्या दाराला वेगळी वाट देतात.

तर उत्तर उलटं निघालं. वेगळी लाईन हवी होती, पण ती घरघंटीला. बोर्डापासून स्वतंत्र, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि मोटारीसाठी मिळणारा ‘सी’ प्रकारचा एमसीबी, जो सुरू होतानाच्या झटक्याने उगाच पडत नाही. एवढ्या बारीक वायरीवर घरघंटी चालवणं तसंही धोक्याचं होतं. वायर तापून आतल्या आत जळते आणि आपल्याला वास आल्यावरच कळतं.

दोन्ही लाईनी बोर्डाशी वेगळ्या झाल्या की माजघरातल्या वायरीतली ओढाताण संपते. खांबापासून मीटरपर्यंतची वायर मात्र तीच राहते. तिथेच व्होल्टेज कमी असेल तर घरात कितीही लाईनी टाकल्या तरी उपयोग नाही. कालव्यालाच पाणी नसेल तर चारी काय करणार? २३० व्होल्टमध्ये वर-खाली सहा टक्के फरक चालतो, म्हणजे साधारण २१६ ते २४४. रोज संध्याकाळी त्याहून खाली जात असेल तर महावितरणच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. तोवर लहान स्टॅबिलायझर लावता येतो.

‘हूं’ आवाज कशाने?

आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. तेच हेलकावे कुठून तरी अँप्लिफायरच्या आवाजाच्या वाटेत शिरले की भोंग्यातून ‘हूंऽऽ’ ऐकू येतो. मिक्सर सुरू असताना जी खरखर येते ती वेगळी, ती मिक्सरच्या आतल्या कार्बनच्या ठिणग्यांची.

आमच्याकडे अँप्लिफायर एका भिंतीच्या सॉकेटला होता आणि गाणी लावायचा प्लेअर दुसऱ्या भिंतीच्या सॉकेटला. दोन्ही यंत्रं आवाजाच्या वायरीने एकमेकांना जोडलेली. अशा वेळी दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या आवाजाच्या वायरीतून करंट फिरत राहतो आणि तोच ‘हूं’ होतो. उपाय काय? सगळी यंत्रं एकाच बोर्डावर, एकाच चांगल्या एक्स्टेन्शनवर लावायची. आम्ही लावली आणि निम्मा आवाज तिथेच गेला.

आता गंमत बघा. आम्ही अँप्लिफायरला वेगळी लाईन टाकली असती आणि प्लेअर जुन्याच लाईनीवर ठेवला असता, तर ‘हूं’ कमी व्हायच्या ऐवजी वाढायचीच भीती होती.

उरलेला निम्मा आवाज माईकच्या वायरीमुळे होता. ती विजेच्या वायरीबरोबर एकत्र गुंडाळून टाकलेली होती. माईकची वायर विजेच्या वायरीपासून हातभर लांब ठेवावी. ओलांडायची वेळ आली तर आडवी ओलांडावी, शेजारी-शेजारी नेऊ नये.

दोष लाईनीचा की माईकचा, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. भजनी मंडळाचे बरेच अँप्लिफायर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. विजेचा प्लग काढून, बाकीचं काही न जोडता, बॅटरी आणि एक माईक लावून बघायचं. ‘हूं’ गेला तर तो विजेच्या बाजूने येत होता. राहिला तर माईक आणि त्याची वायर तपासायची.

माईकचा शॉक: हे सगळ्यांत महत्त्वाचं

आता मूळ गोष्टीकडे येते. हिशेबनीस ताईंना शॉक का बसला? माईक तर छोटा, त्यात वीज कुठली?

माईकची जाळी आणि दांडा धातूचा असतो. तो वायरीवरच्या जाळीने अँप्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीला जोडलेला असतो. पेटीत कुठे थोडी गळती झाली की ती वीज पेटीवर येते आणि तशीच माईकवर येते. पेटीला अर्थिंग असेल तर ती वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर ती वाट बघत बसते, कुणीतरी ओल्या हाताने आणि अनवाणी पायाने येईपर्यंत.

इलेक्ट्रिशियनभाऊंनी बोर्ड उघडला. सॉकेटला तीन भोकं होती, पण वरच्या मोठ्या भोकाला मागून वायरच जोडलेली नव्हती. अर्थिंगची हिरवी वायर बोर्डात नुसती लोंबत होती. घराबाहेरचा अर्थिंगचा खड्डा कधीकाळी केला होता, त्याचा पाईप गंजून तुटला होता.

विचार करा, मैत्रिणींनो. आम्ही साडेसहा हजारांची जाड वायर टाकली असती आणि अर्थिंग तसंच मेलेलं राहिलं असतं, तर आम्ही निर्धास्त होऊन पालखीच्या रात्री दहा जणींच्या हातात तोच माईक दिला असता. त्या रात्री पाऊस असतो, अंगण ओलं असतं. एमसीबी आहे, मग काय होतंय, असं म्हणालो असतो. पण एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायरीला वाचवतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही. माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो.

माणसाला वाचवण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, जिवंत अर्थिंग. दुसरी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. ३० मिलिअँपिअर म्हणजे साठ वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून जेवढी वीज जाते तिचा साधारण नववा हिस्सा. एवढी गळती झाली की आरसीसीबी डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्यावर एक ‘टेस्ट’चं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला तर ठीक. बचतीच्या बैठकीच्या दिवशी दाबायचं असं ठरवून टाका, म्हणजे विसरत नाही.

एक हात जोडून सांगणं. काही साउंडवाले ‘हूं’ आवाज घालवायला प्लगची मोठी पिन तोडतात किंवा हिरवी वायर कापतात. आवाज जातो, हे खरं. पण त्याबरोबर संरक्षणही जातं. तुमच्या डोळ्यांदेखत कुणी असं करत असेल तर सरळ थांबवा. आवाज घालवायचे दुसरे उपाय आहेत, ते वर सांगितले.

वेगळी लाईन खरंच कधी हवी?

लग्नातले, मिरवणुकीतले हजार-दोन हजार वॅटचे अँप्लिफायर असतील, तर त्यांना १६ अँपिअरचं सॉकेट आणि अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाईन हवी. समाजमंदिरात कायमचा संच बसवायचा असेल तर तिथेही सगळ्या संचाला मिळून एक लाईन चांगली. घरातल्या गिझरला, घरघंटीला, पाण्याच्या मोटारीला आणि इंडक्शनला प्रत्येकी वेगळी लाईन हवी.

मांडव घालून कार्यक्रम असेल तर घरातून लांबच लांब वायर ओढण्यापेक्षा महावितरणकडून तात्पुरती जोडणी घ्यावी. गणेशोत्सवात, नवरात्रात मंडळांना ती मिळते. खांबावर आकडा टाकू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे, आणि पावसात आकडा टाकताना माणसं दगावतात. आणखी एक, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवायचा असतो. दहानंतरचं भजन टाळ-मृदंगावर, तेही गोडच लागतं.

आमच्या गटाने काय केलं?

अर्थिंगचा नवा खड्डा, पाईप आणि हिरवी वायर मिळून २,४०० रुपये. आरसीसीबी १,९०० रुपये. घरघंटीची वेगळी लाईन ३,२०० रुपये. एकूण साडेसात हजार. म्हणजे पहिल्या अंदाजापेक्षा हजार रुपये जास्तच गेले. पण ठराव लिहिताना कुणीही कुरकुर केली नाही, कारण प्रत्येक रुपया कशासाठी गेला हे बाराही जणींना सांगता येत होतं. घरघंटीच्या पिठाच्या पैशातून तो खर्च हळूहळू फिटलाही.

तुम्ही कार्यक्रमाआधी एवढं करा. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर लावा. प्लग तीन पिनांचाच हवा आणि सॉकेटला अर्थिंग आहे का, हे परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून दिवा लावून तपासून घ्या, स्वतः बोर्ड उघडू नका. माईकची वायर विजेच्या वायरीपासून लांब ठेवा. माईक धरणारीने हात कोरडे करावेत, पायात चप्पल असावी, देवापुढे अनवाणी उभं राहायचं असेल तर कोरड्या घोंगडीवर किंवा पाटावर उभं राहावं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा, कोरड्या मातीत अर्थिंग काम करत नाही. आणि कुणी वेगळी लाईन टाका म्हणालं तर एकच प्रश्न विचारा, “भाऊ, कशासाठी?”

पालखीच्या रात्री हिशेबनीस ताई माईक घ्यायला तयारच नव्हत्या. हात मागे बांधून उभ्या होत्या. आक्कांनी आधी स्वतः माईक धरला, आरसीसीबीचं बटण दाबून दाखवलं, दिवा गेला, परत आला. मग ताईंनी पदराला हात पुसले, पाटावर उभ्या राहिल्या आणि पहिला अभंग त्यांनीच सुरू केला. पडवीत घरघंटी चालूच होती, पहाटेच्या भाकरीचं पीठ पडत होतं. भोंग्यातला आवाज तसूभरही हलला नाही.

तर मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपल्या सॉकेटच्या त्या वरच्या मोठ्या भोकाकडे एकदा बघा आणि विचारा, याच्या मागे वायर आहे का? राम कृष्ण हरी.